सहावी ओळ

सरांचं इंजिन पहिल्यांदा चाललं तेव्हा ते सहा मिनिटं चाळीस सेकंद चाललं. ही नोंद सरांच्या वहीत आहे आणि ती बरोबर आहे. त्याआधीची दोन वर्षं दहा महिने ते जागचं हललं नव्हतं, हेही त्याच वहीत आहे. पण ते वाचायला पानं मागे उलटावी लागतात, आणि सरांना मागे बघायची सवय नव्हती.

सर म्हणजे शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. घराच्या मागच्या खोलीत पूर्वी गाद्या आणि ट्रंका असत. तिथे आता एक पोलादी सिलिंडर, त्यात मुठीएवढा दट्ट्या, दट्ट्याला कातडी वॉशर, ठिणगीसाठी जुन्या मोटारीचं कॉइल आणि शिलाई मशिनचं चाक एवढं सामान एका टेबलाला बोल्टांनी घट्ट बसवलेलं होतं. सिलिंडरमध्ये पेट्रोल नाही, डिझेल नाही. आत पाच वायू: हेलियम, निऑन, अर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन. पुस्तकात यांना राजवायू म्हणतात, निष्क्रिय वायूही म्हणतात. ते स्वतः जळत नाहीत आणि दुसऱ्याला जळायला मदत करत नाहीत. सरांचा सिद्धांत असा, की ठिणगी पडली की हे पाचही जण एकदम फुगतात, दट्ट्या ढकलतात आणि लगेच आकसतात. इंधन लागत नाही. धूर निघत नाही.

"निष्क्रिय म्हणजे काम न करणारे ना?" सरांच्या बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "मग बाहेरून कशाला आणता? घरात एक आहे की."

तिला सगळी गल्ली ताई म्हणे. तिचा धाकटा भाऊ निऑनच्या पाट्या बनवायचा. काचेची नळी ज्योतीवर वाकवून अक्षरं करायची, पंपानं आतली हवा ओढायची, वायू भरायचा, तोंड वितळवून बंद करायचं. या कामात त्याला एकतीस वर्षं झाली होती आणि लोक त्याला नळीवालाच म्हणत. पाच वायूंच्या काचेच्या कुप्या त्याच्याकडे होत्या, पंप त्याच्याकडे होता, आणि बहिणीचा नवरा नाही म्हणू देत नव्हता. सिलिंडर भरायचं काम तेव्हापासून त्याच्याकडे.

नळीवाल्याची एक पद्धत होती. भरलेल्या प्रत्येक नळीसोबत तो एक कार्ड करी. कोणता वायू, किती दाब, तारीख, आणि खाली सही. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक स्वतःच्या खोक्यात. पाटी दहा वर्षांनी लुकलुकली तरी तो खोक्यातून कार्ड काढून सांगे, की आत काय आहे. धंद्यातले बाकीचे लोक हसत. पण कुणाची नळी पांढुरकी पडली की त्याच्याचकडे येत. कारण त्याच्या कार्डावर लिहिलंय ते नळीत असतं, एवढी त्याची ख्याती होती. एलईडीच्या पट्ट्या आल्यावर गिऱ्हाइकं गेली. ख्याती राहिली. त्याच्यापाशी आता मोजण्यासारखं तेवढंच होतं.

आठ महिन्यांपूर्वी नळीवाल्याची पाठ धरली. वाकणं बंद झालं. सिलिंडर दर दहाएक दिवसांनी भरावा लागे. आधी तो उघडून स्पिरिटनं धुवायचा, मग पंपाला लावून नव्वद मिनिटं ओढायचा, म्हणजे आत काही उरत नाही. हे काम ताईंनी अंगावर घेतलं. पंप त्यांच्या मागच्या खोलीत हलवला. भाऊ शेवटी येई, खुर्चीत बसून पाच कुप्यांचे कॉक उघडी, दाब बघे, कार्डावर सही करी.

त्याच आठवड्यात सरांनी झेनॉनचं प्रमाण तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर नेलं. आणि इंजिन चाललं.

मग काय विचारता. चौथ्या टक्क्यावर सरांनी एकशे चाळीस पानं लिहिली. सहा-सात मिनिटांनी इंजिन बंद पडायचं त्यालाही सिद्धांतात जागा मिळाली. त्याला सर 'वायूंचा थकवा' म्हणत.

सोमवारी पत्र आलं. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याला सरांनी सात पत्रं पाठवली होती, त्यातल्या सातव्याचं उत्तर. गुरुवारी अकरा वाजता कारखान्याच्या इंजिनियर बाई इंजिन पाहायला येतील. पसंत पडलं तर कारखान्यात एक खोली आणि पुढच्या प्रयोगांची सोय. अट एकच: सिलिंडरमध्ये पाच वायूंखेरीज काही नाही, असं भरणाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र.

"मेहुणे, तुमचं कार्ड!" सर दारातूनच ओरडले. "शेवटी तुमच्या कार्डाला कुणीतरी किंमत दिली बघा."

त्या संध्याकाळी सरांनी खुशीत इंजिन चालवून दाखवलं. नळीवाल्यानं ते चालताना फारसं पाहिलेलं नव्हतं; भरून झालं की तो पाठ सांभाळत घरी जाई. सिलिंडरच्या डोक्यावर नाण्याएवढी काचेची खिडकी होती, त्यानंच बसवलेली. आज तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. सरांनी चाक हातानं एकदा फिरवलं, बटण दाबलं, आणि दट्ट्या ठकठक करत पळू लागला.

नळीवाल्याच्या कामात डोळा हेच मोजमाप. निऑन तांबडा-नारिंगी. हेलियम फिकट गुलाबी. अर्गॉन जांभळट. पाच एकत्र केले तर काय दिसेल याचा त्याला अंदाज होता. खिडकीत दिसत होतं ते निळं होतं. स्टोव्ह पेटवताना दिसतं तसं निळं. आणि इंजिन थांबल्यावर काचेच्या आतल्या बाजूला पाण्याचे चार बारीक थेंब होते.

तो खुर्ची मागे सारून उठला. घरी जाऊन जेवला आणि पहाटेपर्यंत कूस बदलत राहिला.

मंगळवारी सर पेन्शनच्या कामाला गेले असताना तो बहिणीकडे आला.

"ताई, सिलिंडर धुतल्यावर किती वेळ ओढतेस?"

"ओढते की."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

"नव्वद मिनिटं सांगितली होती मी."

"तू सांगायला काय, सांगून घरी गेलास. हे दर दहा मिनिटांनी डोकावतात, झालं का, झालं का. पंपाचा तो आवाज. डोकं उठतं माझं. अर्ध्या तासात कोरडा दिसतो, काढते."

"आणि वॉशर?"

"वॉशर स्पिरिटच्या वाटीत ठेवते. मऊ राहतो. का रे छोट्या, चुकलं का?"

छोट्या चोपन्न वर्षांचा होता. त्यानं वॉशर काढून नाकाशी धरला, मग हात पुसला आणि बहिणीला समजावून सांगितलं. कातड्यात स्पिरिट भिनलेलं. वॉशर जुना, त्याच्या कडेनं दर फेऱ्याला थोडी हवा आत येते. स्पिरिटची वाफ, हवा, ठिणगी. यालाच इंजिन म्हणतात. रस्त्यावर हजारो पळतात. पाच राजवायू आत नुसते पाहुण्यासारखे बसलेले असतात. सहा-सात मिनिटांत स्पिरिट संपतं, की वायूंना थकवा येतो.

ताईंनी वाटी उचलून वास घेतला.

"म्हणजे आठ महिने हे माझ्यामुळे चालतंय?"

"हो."

"त्यांना सांगू नकोस," त्या म्हणाल्या. मग लगेच, "नाही, सांग. पण हळू सांग."

बुधवारी नळीवाल्यानं हळू सांगितलं. तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाला, "भाऊजी, ठिणगीचा रंग निळा दिसतो." सर म्हणाले, "दिसणारच! झेनॉन!" दुसऱ्यांदा म्हणाला, "आत पाणी धरतं. हे वायू तर जळत नाहीत, मग पाणी आलं कुठून?" सर म्हणाले, "दव." आणि वहीत 'दव' असं लिहून त्याखाली रेघ मारली. तिसऱ्यांदा त्यानं सरळच सांगितलं, "आत स्पिरिट राहतंय. त्यावर चालत असेल."

सरांनी चष्मा काढला. विद्यार्थ्यानं चुकीचं पण मजेदार उत्तर दिलं की ते असेच चष्मा काढत.

"मेहुणे, तीन टक्क्यांना स्पिरिट नव्हतं का? तेव्हाही धुतच होतो. मग तेव्हा का नाही चाललं? बदललं काय? टक्का बदलला." त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "तुम्ही नळ्या भरा. सिद्धांत माझ्याकडे ठेवा."

तर्क बिनतोड होता. फक्त त्यात बायकोचा उल्लेख नव्हता.

स्वयंपाकघरात ताई वाट बघत होत्या. "ऐकलं?"

"नाही."

"मग उद्या?"

"उद्या मी स्वतः ओढणार. नव्वद मिनिटं. नवा वॉशर, कोरडा. मग कार्डावर सही करीन."

"आणि चालणार नाही."

"नाही."

"परक्या बाईसमोर." ताईंनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, परत उलगडलं. "छोट्या, पावणेतीन वर्षं मी या माणसाला हसले. चालायला लागलं तेव्हा हसायची बंद झाले. सकाळी उठून गाणं म्हणतात रे आता. बेसूर, पण म्हणतात."

"मी खोटं कार्ड करणार नाही, ताई. एकतीस वर्षांत एक केलं नाही."

"खोटं कर कोण म्हणतंय? खरंच कर. ओला वॉशर घाल, आणि ओला घातलाय असं लिही. त्यांना चाललेलं दिसेल, तुझं कार्ड खरं राहील. पुढचं ती बाई बघेल."

नळीवाल्यानं यात कुठे खोट आहे ते शोधलं. सापडली नाही. फक्त मनाला बरं वाटत नव्हतं, पण कार्डावर मनासाठी जागा नसते.

गुरुवारी सकाळी त्यानं कार्ड लिहिलं. पाच ओळींत पाच वायू, टक्केवारीसह. सहावी ओळ: स्पिरिट, दोन चमचे, वॉशरमध्ये; हवा, वॉशरच्या कडेनं. तारीख. सही. सरांनी कार्ड घेतलं आणि न वाचता खिशात ठेवलं. कार्डात काय आहे ते त्यांना माहीतच होतं.

इंजिनियर बाई अकराला पाच मिनिटं कमी असताना आल्या. चष्मा साखळीला, हातात फाईल, चपला दाराबाहेर काढू की नको अशा विचारात क्षणभर थांबलेल्या. सरांनी वीस मिनिटं प्रास्ताविक केलं. बाईंनी चहा नको म्हटलं, मग घेतला. इंजिन चाललं. सात मिनिटं दहा सेकंद, आजवरचा उच्चांक. ताईंनी दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"छान," बाई म्हणाल्या. "प्रमाणपत्र?"

सरांनी खिशातून कार्ड काढून दिलं. बाईंनी वाचलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं. मग नळीवाल्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"हे सहावं असं लिहून कुणी देतं का हो?"

"आत आहे म्हणून लिहिलं."

"सहावं काय?" सरांनी हात पुढे केला. कार्ड घेतलं, दूर धरलं, जवळ आणलं. वाचायला पाच सेकंद पुरेत एवढंच त्यात होतं. सर खूप वेळ वाचत होते.

बाईंनी घसा साफ केला. "असं बघा. आमच्या संचालकांनी बैठकीत सांगून टाकलंय, की असं इंजिन येतंय. मी रिकाम्या हाती परत गेले तर मलाच विचारतील. आणि फॉर्ममध्ये पाचच रकाने आहेत. सहावा कुठे भरू मी? ही शेवटची ओळ किरकोळ धरू. खोडा आणि आद्याक्षर करा. बाकी काही बदलायचं नाही."

बाईंनी पेन पुढे केलं. ताई दारात होत्या. सर कार्डाकडे बघत होते. नळीवाल्याच्या पाठीत कळ आली. ती पाठीचीच होती की नाही हे त्याला सांगता आलं नसतं. एक रेघ मारायची होती. एका रेघेत भाऊजींना खोली मिळत होती, बाईंचा फॉर्म भरत होता, आणि घरात उद्या सकाळी गाणं ऐकू येणार होतं.

"बाई, ओळ काढायची तर आधी स्पिरिट काढावं लागेल," तो म्हणाला.

"मग काढा ना."

"नव्वद मिनिटं लागतील."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "थांबते."

त्यानं सिलिंडर उघडला, पुसला, कोरडा नवा वॉशर आणि खिडकीला नवी काच बसवली आणि पंप सुरू केला. सगळे पंपाच्या आवाजात बसले. बोलायचं तर ओरडावं लागत होतं, त्यामुळे कुणी बोललं नाही. ताईंनी दुसरा चहा आणला. सर उठले, खिडकीच्या काढून ठेवलेल्या जुन्या काचेवरचा थेंब त्यांनी बोटावर घेतला आणि उजेडाकडे धरून पाहिला. मग बोट धोतराला नाही, रुमालाला पुसलं, रुमालाची नीट घडी केली आणि जागेवर येऊन बसले. तीस वर्षं त्यांनी नववीला शिकवलं होतं, की जळणाऱ्या पदार्थावर थंड काच धरली तर तिच्यावर काय जमतं.

एक वाजता पाच वायू भरले गेले. नवीन कार्ड झालं, पाच ओळींचं. सरांनी चाक फिरवलं आणि बटण दाबलं. खिडकीत स्वच्छ गुलाबी-नारिंगी ठिणगी पडली. दट्ट्या हलला नाही. सरांनी बटण अकरा वेळा दाबलं. अकराही वेळा रंग सुरेख होता.

"असू द्या," ते म्हणाले, आणि कॉइलची तार स्वतःच्या हातानं काढली.

इंजिनियर बाईंनी पाचही रकाने भरले. 'चालते का' या रकान्यात त्यांनी 'चालले' लिहिलं, कारण सकाळी ते चाललं होतं, आणि पुढे कंसात 'पुन्हा पाहणे' असं लिहिलं. फॉर्म पूर्ण झाला. जाताना त्या नळीवाल्याला म्हणाल्या, "तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे असता तर एकही पंप बाहेर पडला नसता." हे कौतुक होतं की काय, ते त्याला कळलं नाही.

शुक्रवारी घरात कुणी गायलं नाही, असं ताईंनी फोनवर सांगितलं.

शनिवारी सकाळी सर नळीवाल्याच्या कारखान्यात आले. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एका बाजूला ज्योत, दुसऱ्या बाजूला न नेलेल्या पाट्या. त्यानं स्टूल पुढे केलं आणि बोलणी खायची तयारी ठेवली.

"रंग कधी दिसला तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"सोमवारी."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तीनदा सांगितलं, भाऊजी."

"हं. सांगितलं असेल." सरांनी खोलीभर नजर फिरवली. "ती तुमच्याकडची कार्डं. माझ्या सिलिंडरची. सगळी आहेत?"

"सगळी."

"बघू. सिद्धांत लिहिताना वाचायची राहून गेली."

नळीवाल्यानं खोकं काढलं. सरांनी तारीखवार लावून वाचायला सुरुवात केली, पेपर तपासावे तशी, एक बोट ओळीवर ठेवून. पहिल्या दोन वर्षं दहा महिन्यांची वाचली आणि एका बाजूला ठेवली. मग आठ महिन्यांची घेतली. ती गुरुवारची दोन सोडून बावीस होती. बावीसही वाचून झाल्यावर त्यांनी ती टेबलावर पत्त्यांसारखी पसरली.

"ही तुमचीच सही?"

"हो."

"प्रत्येकावर पाचच ओळी आहेत."

नळीवाला कार्डांकडे बघू लागला.

"पंपावर तुम्ही होता?"

"ताई होती. पाठ..."

"नव्वद मिनिटं झाली हे कुणी पाहिलं?"

नळीवाल्यानं एक कार्ड उचललं, परत जागेवर ठेवलं.

"घरचंच माणूस म्हणून विचारलं नाही," नळीवाला म्हणाला.

"नाही ना. मीही म्हणूनच तुमची कार्डं वाचली नाहीत." सरांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं होतं, मी वाचली असती तर वाचलो असतो. पण वाचली असती तरी पाचच ओळी दिसल्या असत्या, मेहुणे."

नळीवाल्यानं बावीस कार्डं गोळा केली. आधी त्याला वाटलं, फाडून टाकावीत. मग वाटलं, फाडलेलं कार्डही खोटंच. त्यानं ज्योत बारीक केली, चष्मा लावला, पेन घेतलं आणि सर्वांत जुनं कार्ड समोर ओढलं. इंजिन पहिल्यांदा चाललं त्या दिवसाचं होतं ते.

"सांगा," सर म्हणाले. "मी तारखा वाचतो."

पाचव्या ओळीखाली त्यानं लिहिलं: स्पिरिट. मग हात थांबला. गुरुवारी दोन चमचे मोजून घातले होते. त्या दिवशी किती होतं? वाटीत ताईंनी किती ओतलं असेल, वॉशर किती प्यायला असेल, अर्ध्या तासात किती उडालं असेल?

"किती लिहू?"

"तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही."

"मग तसं लिहा."

नळीवाल्यानं लिहिलं: किती, माहीत नाही. आजची तारीख घातली, सही केली आणि सरांनी पुढे केलेलं दुसरं कार्ड घेतलं.